किचन आठला बंद होतं

गुरुवार

चूक माझीच होती. ऑक्टोबरातले उतरलेले दर बघून मी वेल्सच्या किनाऱ्यावरच्या अबरडॅरॉन गावातली खोली ठरवली, ऑफिसात रजा टाकली, नवऱ्याला गाडीच्या चाकांत हवा भरून आणायला सांगितलं. कालनिर्णय मात्र उघडलं नाही. आई तेव्हा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे बर्मिंगहॅमला आली होती. ती जयगडकडची. मासे खाण्यात आणि त्याहून जास्त माशांबद्दल बोलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या ती मासळीला शिवत नाही.

"समुद्रावर मासे खायला नेत्येस," पिशवीत राजगिऱ्याच्या वड्या भरता भरता ती म्हणाली, "आणि गुरुवारी पोचायचं, शुक्रवारी संकष्टी. बरं, तिथे गॅस आहे ना?"

नव्हता. खोलीसोबत सकाळची न्याहारी होती, आणि खोलीत एक किटली. म्हणजे तीन रात्री, चार दिवस बाहेरच खायचं. आईने काही न बोलता बेसनाच्या लाडवांचा डबा पिशवीत टाकला.

कोजागिरी होऊन तीन दिवस झाले होते. वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २०२३ पासून ताशी २० मैलांची मर्यादा आहे, त्यामुळे गाव आलं की गाडी बैलगाडीच्या चालीने जाते आणि आपोआप दुकानांच्या पाट्या वाचून होतात. रस्त्यावर पांढऱ्या रंगात 'अराव्ह' लिहिलेलं असतं, म्हणजे सावकाश. पोर्थमॅडॉग, क्रिकिएथ, पुल्हेली. पुल्हेलीला रेल्वे संपते. पुढे नुसता रस्ता, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी शंभर पावलं मागे जायचं. नकाशात ह्लीन द्वीपकल्प हा वेल्सने आयर्लंडच्या दिशेने लांब केलेला हात आहे. अबरडॅरॉन त्याच्या बोटांपाशी. 'अबर' म्हणजे नदीचं मुख, डॅरॉन ही नदी. नदी म्हणायची ती मोठ्या मनाने, कारण आमच्या गावचा पऱ्ह्या पावसाळ्यात तिच्याहून रुंद होतो.

साडेचारला पोचलो. गाव एका नजरेत बसतं: एक पूल, एक बेकरी, दोन पब, समुद्राला चिकटून चर्च, थोडी घरं. पुलापाशी पांढऱ्या भिंतींचं एक बुटकं घर आहे. त्याचं नाव 'अ गेगिन व्हाउर', म्हणजे मोठं स्वयंपाकघर. ते १३००च्या सुमाराचं सांगतात. गावापुढे समुद्रात, ह्लीनच्या टोकापासून तीनेक किलोमीटरवर, एन्ह्ली नावाचं बेट आहे. तिथे वीस हजार संत पुरलेले आहेत अशी श्रद्धा, आणि तीनदा एन्ह्लीची यात्रा केली की एकदा रोमला गेल्याचं पुण्य, असा मध्ययुगातला हिशेब. मधल्या सामुद्रधुनीला ओढ भयंकर. समुद्र निवळेपर्यंत यात्रेकरू इथे मुक्काम करायचे, आणि त्यांच्या पोटाला आधार हे मोठं स्वयंपाकघर.

"म्हणजे अन्नछत्रच की," आई म्हणाली. दारापाशी जाऊन तिने पाटी वाचली. "आणि बंद!"

बंदच होतं, त्या दिवसापुरतं. आता ते चहा-खाण्याचं कॅफे आहे आणि आम्ही उशिरा पोचलो होतो.

नावावरून नवऱ्याने मात्र मोठा शोध लावला. वेल्शमध्ये स्वयंपाकघराला 'केगिन' म्हणतात आणि मोठ्याला 'माउर'. पण शब्द स्त्रीलिंगी असला आणि मागे 'अ' हे निर्देशक लागलं की केगिनचं गेगिन होतं, आणि तिचं विशेषण म्हणून माउरचं व्हाउर. आपण घोड्याला म्हणताना शब्दाचं शेपूट बदलतो. ही माणसं तोंड बदलतात. शब्दकोशात शोधायला गेलं तर शब्द सापडतच नाही, कारण पहिलंच अक्षर वेगळं. आई तीस वर्षं शाळेत मराठी शिकवायची, तिला हे फार आवडलं. "सामान्यरूप पुढून," ती म्हणाली, आणि पुढचे चार दिवस पाट्या वाचायचं काम तिने अंगावर घेतलं.

संध्याकाळी समुद्राच्या भिंतीवर बसून फिश अँड चिप्स. पाटीवर 'पिस्गॉड अ स्ग्लोडियॉन' असं लिहिलेलं. स्ग्लोडियॉन म्हणजे चिप्स, आणि हा शब्द मोठ्याने म्हटल्यावर चिप्स जास्त कुरकुरीत लागतात असं माझं मत आहे. आईने नुसते चिप्स घेतले. तेल एकच का, असं तिने मला विचारायला लावलं. खिडकीतल्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं की कढया वेगळ्या आहेत, गाळताना कधी तेल एकत्र होतं. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "गुरुवार आहे, एकादशी नाही. चालेल."

माझा मासा हॅडॉक होता. पिठाचं कवच फुगलेलं, आत पांढऱ्या जाड पाकळ्या, वर माल्ट व्हिनेगरचा आंबूस वास. चांगला होता. पण तो इथला नव्हता. ब्रिटनमधल्या अशा दुकानांतला कॉड आणि हॅडॉक बहुतेक आइसलँड-नॉर्वेकडच्या थंड पाण्यातून, बोटीवरच गोठवलेला येतो. समोरच्या खाडीत जे सापडतं ते खेकडे आणि शेवंड, आणि ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा तो माल मोठ्या प्रमाणात स्पेन-फ्रान्सला जातो. मी हे आईला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "आपल्याकडे तरी पापलेट कोण खातं? चांगलं ते सगळं बर्फात बसून जातं." मग तिने माझ्या खोक्याकडे पाहिलं. "किती घेतले?" मी सांगितलं, १२ पाउंड. "चौदाशे रुपये," तिने लगेच गुणून टाकलं, "नॉर्वेच्या माशाला."

शुक्रवार

न्याहारीच्या टेबलावर घरमालकिणीने आईपुढे अंडी, सॉसेज, बेकन, भाजलेले टोमॅटो, मशरूम यांची लांबलचक यादी म्हणून दाखवली. आईने हसून हात जोडले आणि एक केळं उचललं. मालकीण माझ्याकडे बघायला लागली. उपवास म्हणजे काय, हे इंग्रजीत सांगणं अवघड नाही. उपवासाला बटाटा चालतो, शेंगदाणे चालतात, पण ब्रेड चालत नाही, हे सांगणं अवघड आहे. मी प्रयत्न केला. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे लेंट," ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, आणि मी हो म्हटलं.

'पानाद?' तिने विचारलं. दक्षिणेत ज्याला 'पानेद' म्हणतात त्याचा हा इकडचा उच्चार: कपभर चहा. चहा चालतो. दूध घातलेला तर नक्कीच.

सकाळ चर्चमध्ये गेली. सेंट हॅविनचं हे चर्च समुद्राच्या इतकं जवळ आहे की खाली वाळू आणि वर थडगी. आत दोन शिळा ठेवल्यात, पाचव्या-सहाव्या शतकातल्या. त्यांच्यावर लॅटिनमध्ये दोन धर्मगुरूंची नावं आहेत, त्यातला एक इथे आपल्या पुष्कळ बंधूंसह निजला आहे असं कोरलंय. इंग्रजीत लिहिणारा वेल्श कवी आर. एस. थॉमस १९६७ ते १९७८ इथे पाद्री होता. कवीला खिडकीबाहेर एवढा समुद्र असताना प्रवचन कसं सुचत असेल, असं मला वाटलं. आई बाकावर बसून जप करत होती. तिला कुठल्याही देवळात जप करता येतो.

दुपारी कॅफे. मेनूत आईसाठी एकच पदार्थ होता आणि तो आयता उपवासाचा होता: जॅकेट पोटॅटो. साल न काढलेला अख्खा बटाटा भट्टीत तासभर भाजतात, वरून फुलीसारखा चिरतात आणि पोटात काहीतरी भरतात. पोरीने विचारलं, काय भरू? बीन्स, चीज, ट्युना, कोलस्लॉ? मी म्हटलं, फक्त लोणी आणि मीठ. तिने दोनदा खात्री करून घेतली. बटाटा आला तो नारळाएवढा. साल कडक, तपकिरी, खडबडीत. चिरलेल्या जागी वाफ, आणि पिवळ्या लोण्याचा तुकडा हळूहळू खाली बसत चाललेला. आईने चमचा घालून आतला पांढरा भाग खरवडला, लोणी सगळीकडे नीट फिरवलं, मग साल मोडून त्यावर मीठ टाकून पापडासारखी खाल्ली. सैंधव नव्हतं. परदेशात साधं मीठ चालतं, असा तिचा स्वतःचा नियम आहे. "हा प्रकार घरी करायला हवा," ती म्हणाली. "जिरं लागेल." दोन दिवसांतली ही तिची पहिली शिफारस आणि मला सगळ्यात जास्त आठवणारी.

खरी परीक्षा रात्रीची होती. फोनवर बघितलं तर इथला चंद्रोदय ७ वाजून ५८ मिनिटांनी. आम्ही साडेसातला पबमध्ये जाऊन बसलो. इंग्लंड-वेल्समध्ये पबात टेबलावर कोणी विचारायला येत नाही. आपण टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, बारपाशी जाऊन सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. मी गेले. बारमागे साठीची, रुंद खांद्यांची, बाह्या वर सारलेली बाई.

"लवकर सांगा हं. किचन आठला बंद होतं."

हंगामात नऊपर्यंत असतं, ऑक्टोबरात आठ. मी पाटीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मागे उभा असलेला नवरा म्हणाला, "दोन मिनिटं आहेत की मधे," जणू चंद्र वर आला की दोन मिनिटांत वाढलेलं ताट समोर येणार होतं. मी तिला खरं ते सांगून टाकलं: आईचा उपवास आहे, चंद्र दिसल्याशिवाय ती जेवत नाही.

बाईला याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. तिने खिडकीबाहेर पाहिलं. "चंद्र? या गावात नऊच्या आत नाही दिसायचा. मधे टेकडी आहे." मग मेनू माझ्याकडे वळवून म्हणाली, "काय खाते ती? करून देते बांधून."

इथे थोडा वेळ वाद. लीक आणि चीजचा टार्ट होता, पण लीक म्हणजे जाड कांद्याची पातच, आणि संकष्टीला कांदा नाही. वेल्श रेअरबिट होतं. नाव काहीही असलं तरी त्यात ससा नसतो, टोस्टवर वितळवलेलं चीज असतं. पण ते कालवताना वूस्टर सॉस घालतात आणि वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. हे बाईनेच आपणहून सांगितलं, मला माहीत नव्हतं. शेवटी फ्लॉवर चीज, वाटाणे आणि चिप्स यावर तह झाला. ती आत जाऊन जाड पांढरी प्लेट घेऊन आली, काठाला निळी रेघ, एका जागी टवका उडालेला. वरून फॉइल घट्ट दाबलेलं.

"मनिध माउरवर जा गाडीने. वरपर्यंत रस्ता आहे. तिथून दिसेल. प्लेट उद्या आणा." आणि आईकडे बघून, "जपून हं, कारियाद." कारियाद म्हणजे लाडक्या माणसाला म्हणतात ते. आईने मागे वळून विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. आईचा चेहरा उजळला.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "माउर. मोठा डोंगर. डोंगर पुल्लिंगी असणार, म्हणून माउरच राहिलं."

मनिध माउर हे ह्लीनचं अगदी टोक. वर जुनी टेहळणीची खोली आहे आणि गाडी लावायला थोडी सपाटी. खाली नैऋत्येला एन्ह्ली, समुद्रापेक्षा काळं. त्या बेटाला २०२३ साली डार्क स्काय सँक्च्युअरी हा दर्जा मिळाला, युरोपातलं असं ते पहिलं. म्हणजे रात्रीचा अंधार हीच तिथली राखून ठेवायची संपत्ती. आम्ही हेडलाइट बंद केले आणि काही दिसेनासं झालं. वारा असा की दार उघडताना दोन हात लावावे लागले.

आठ दहा. काही नाही. आठ पंधरा. नवऱ्याच्या मांडीवर प्लेट, फॉइलखालून चिप्सचा वास, आम्ही दोघं भुकेलेले, कारण आईला सोडून कोण खाणार. ईशान्येला अर आइव्हल डोंगराचे सुळके अंदाजाने दिसत होते. त्यांच्या डाव्या अंगाला आधी आकाश मातकट झालं, मग एक नारिंगी कड. वर आला तो एका बाजूने झिजलेला, मोठा, पिवळा चंद्र, आणि त्याच्याबरोबर खालची शेतं, कुंपणं, मेंढ्यांचे पांढरे ठिपके, सगळंच उगवलं. आई बाहेर उतरली. शाल डोक्यावरून गच्च धरली, पाण्याच्या बाटलीने अर्घ्य दिलं. निम्मं पाणी वाऱ्याने माझ्या अंगावर आलं. लाडवाचा नैवेद्य दाखवला. अथर्वशीर्ष तोंडातल्या तोंडात, पण शेवटची फलश्रुती तिने मोठ्याने म्हटली, समोर आयरिश समुद्राकडे तोंड करून.

मग गाडीत हीटर लावून जेवण. फ्लॉवरवरचं चीज गार होऊन घट्ट झालं होतं, चिप्स मऊ पडले होते. आईने वाटाण्याचा एक दाणासुद्धा सोडला नाही. आम्ही दोघांनी उरलेले चिप्स आणि लाडू खाल्ले. परत खाली आलो तेव्हा पबमधले दिवे बंद झाले होते.

शनिवार

सकाळी उठून बघते तर आईने प्लेट बेसिनमध्ये घासून, पुसून, त्यावर सात बेसनाचे लाडू रचले होते आणि कालचंच फॉइल उलटं करून वर लावलं होतं.

"अगं, ती पबची प्लेट आहे. नुसती दिली तरी चालते."

"भांडं रिकामं परत द्यायचं नसतं," आई म्हणाली. एवढं साधं मला कळू नये, असा सूर.

दुपारी बारा वाजता आम्ही पुन्हा त्याच पबात. बाईने फॉइल उचललं, एक लाडू तिथेच खाल्ला, डोळे मिटून. यात काय आहे, असं तिने विचारलं. बेसन, तूप, साखर, वेलदोडा. वेलदोडा हा शब्द तिने इंग्रजीत दोनदा म्हटला. मग उरलेले सहा घेऊन ती आत गेली आणि आतून कोणीतरी हसल्याचा आवाज आला.

शनिवारी आईला सगळं चालत होतं. तिने खेकडा मागवला.

आला तो 'ड्रेस्ड क्रॅब'. म्हणजे खेकड्याच्या पाठीची कवटी स्वच्छ धुऊन वाटीसारखी मांडलेली, तिच्यात दोन्ही बाजूंना नांग्यांचं पांढरं मांस मोकळं करून भरलेलं, मधे तपकिरी मगज. सोबत लिंबाची फोड, तपकिरी ब्रेड, लोणी, एका वाटीत मेयोनीज. सगळं थंड. इथला खेकडा आपल्या चिंबोरीसारखा हिरवट नसतो, वीटकरी असतो, पाठीच्या कडा शंकरपाळ्याच्या कातणाने कापल्यासारख्या आणि नांग्यांची टोकं काळी.

आईने प्लेट फिरवून सगळ्या बाजूंनी बघितली. "सोलून दिलाय," ती म्हणाली. "मग खायचं काय?"

तिच्या हिशेबात कुर्ली खाणं म्हणजे फोडणं. तासभर बसायचं, बोटं चिकट करायची, पाय दातांनी चिरडून रस ओढायचा, मग नांग्या. लहान पाय पाट्यावर वाटून, गाळून त्या पाण्यातच कालवण. इथे कोणीतरी आत बसून तिच्या वाटणीचं सगळं सुख आधीच काढून घेतलं होतं. तरी तिने पांढऱ्या मांसाचा घास घेतला, मेयोनीज न लावता. थोडा वेळ काही बोलली नाही. "ताजा आहे," ती म्हणाली. "कालचाच असेल. गोड आहे. मसाल्याची गरज नाही त्याला." जयगडच्या बाईने असं म्हणणं म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. तपकिरी भाग तिने ब्रेडवर लोण्यासारखा फासला आणि माझ्याकडे न बघता संपवला.

मी बारपाशी जाऊन बाईला सांगितलं की आईला फोडायला काहीतरी हवंय. ती बशीत दोन अख्ख्या नांग्या घेऊन आली, पैसे घेतले नाहीत. सोबत अडकित्त्यासारखा चिमटा आणि लांब बारीक काटा. आईने दोन्ही बाजूला ठेवले. नांगी सांध्यावर मोडली, दाढेखाली धरली. असा कडाड् आवाज आला की शेजारच्या टेबलावरचा कुत्रा उठून बसला. शिंपलीसारखे तुकडे एका बाजूला, मधलं मांस अख्खं, बोटाच्या आकाराचं, हातात. बाई बारवर कोपर टेकून हे सगळं बघत होती. दुसरी नांगी आईने तिच्यासाठी फोडून दिली.

आम्ही दोघांनी लॉब्स्गाउस खाल्लं. बटाटे, गाजर, सलगम आणि मांस एकत्र शिजवलेलं, हे इकडच्या गरिबाचं जेवण. दक्षिणेत 'काउल' म्हणतात ते साधारण हेच. थंडीत बरं, पण त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मिरपूड आम्ही आमची घातली.

नंतर पॉर्थोरला गेलो. तिथली वाळू वाजते. कोरड्या वाळूत टाच घासली की नव्या चपलेसारखी कुईऽ करते. कणांचा आकार असा आहे की ते एकमेकांवर घासले की आवाज निघतो. आई तिथे पाऊण तास टाच घासत फिरली.

आणि मग 'मोठं स्वयंपाकघर' उघडं सापडलं. बुटकी खोली, जाड भिंती, लहान खिडकी. चहाची किटली आणि बारा ब्रिथ. 'बारा' म्हणजे पाव, 'ब्रिथ' म्हणजे ठिपक्यांचा. मनुका-बेदाणे रात्रभर चहात भिजवून केलेला गडद ओलसर पाव, पातळ काप करून वर लोणी. आईने आकडेही विचारून घेतले होते: दोनला दाइ, तीनला त्री, साताला साइथ, दहाला देग. "त्री आणि साइथ आपलेच," ती म्हणाली. "पण बारा म्हणजे पाव, हे मला म्हातारपणी पाठ व्हायचं नाही." सातशे वर्षांपूर्वी इथे बसलेल्या यात्रेकरूला काय वाढत असतील? ओटची लापशी, मासा असलाच तर खारवलेला, असा आमचा तर्क. बारा ब्रिथ नक्की नसणार, चहाच नव्हता.

रविवार

रविवारी दुपारी वेल्समध्ये जेवायचं म्हणजे संडे रोस्ट. भाजलेलं मांस, भाजलेले बटाटे, दोन-तीन भाज्या आणि सगळ्यावर ग्रेव्ही. त्यासाठी आधी टेबल राखून ठेवावं लागतं, हे अकरा वर्षं इंग्लंडात राहून मला माहीत हवं होतं. पबात गेलो तर प्रत्येक टेबलावर नावाची चिठ्ठी. आजोबा-पणजोबांपासून नातवंडांपर्यंत घरंच्या घरं यायला लागलेली, सगळी बडबड वेल्शमध्ये.

बाईने मान हलवली. "तीन वाजता कोणी आलं नाही तर." आम्हाला तीनला निघायचं होतं.

रविवारी इथे इतकी गर्दी व्हावी याची गंमत अशी, की १८८१च्या कायद्याने वेल्समधले पब रविवारी बंद ठेवले होते. १९६१ पासून दर सात वर्षांनी ठिकठिकाणी मतदान व्हायला लागलं आणि एकेक जिल्हा 'ओला' होत गेला. सगळ्यात शेवटपर्यंत कोरडा राहिला तो हाच टापू, दुइव्हॉर. तो उघडला १९९६ साली. म्हणजे त्या खोलीत चाळिशीच्या पुढचे जे कोणी होते, त्यांनी लहानपणी रविवारी हे दार बंदच पाहिलेलं.

आम्ही वळलो तेवढ्यात बाईने हाक मारली आणि आतून प्लेट आणली. तीच, टवका उडालेली. वर चहाचा टॉवेल. खाली वेल्श केक, अजून कोमट. मैदा, लोणी आणि बेदाण्यांच्या बोटभर जाड चकत्या, लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून वर साखर भुरभुरलेली. आईने मोजले. बारा. "बारा," ती बाईला म्हणाली आणि खो खो हसली. बाईला वाटलं पाव मागतेय. मग मला दोन भाषांत समजावत बसावं लागलं.

"आणि प्लेट?" मी विचारलं.

बाईने हात झटकला. पुढच्या वेळी आणा म्हणाली, आणि सहा माणसांचं टेबल लावायला गेली.

परतीच्या वाटेवर पॉर्थदिन्ह्लाइनला थांबलो. गाडी वर मोर्व्हा नेव्हिनला लावायची आणि वाळूवरून चालत जायचं. पाणी चढलेलं असेल तर गोल्फच्या मैदानावरून. १८१०मध्ये आयर्लंडच्या बोटींसाठी बंदर इथे करायचं की होलिहेडला, यावर पार्लमेंटात मतदान झालं आणि हे गाव एका मताने हरलं. हरलं म्हणून उरलं: किनाऱ्यावर मूठभर घरं आणि मधोमध लाल रंगाचा 'टी कोख' हा पब. नावाचा अर्थही लाल घर. वाळूवर प्यायचं असेल तर प्लास्टिकच्या पेल्यात देतात. आम्ही भिंतीला टेकून सँडविच खाल्लं. त्यात काय होतं ते आता आठवत नाही. ऊन होतं, आईने चपला काढून पाय पाण्यात सोडले होते, आणि भरती येत होती म्हणून लवकर उठावं लागलं.

वेल्श केक गाडीत संपले. डोलगेह्लायपर्यंत आठ, श्रूझबरीला उरलेले. आईचं म्हणणं, चांगले आहेत, पण वेलदोडा हवा होता. साखर वरून कशाला, आत घालायची.

आई नोव्हेंबरात परत गेली. प्लेट आमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. दर रविवारी फोन येतो. आधी गुडघे, मग बाजारात आलेली मासळी, मग शेजारपाजार, आणि फोन ठेवता ठेवता: "ती प्लेट दिलीस का गं? रिकामी नको नेऊस."